दहा घरांचा अँटिव्हायरस

"आमच्या कॉम्प्युटरवर काय काय बघितलं जातंय ते जरा दाखव, सूनबाई," खराडेकाका म्हणाले आणि दारात चपला काढून सरळ कॉटवर येऊन बसले.

मी मेथी निवडत होते. समोर खुर्चीत तात्या, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. नुसतं विचारलं, "कशाला?"

"माझाच कॉम्प्युटर हाय, तात्या. नियमात बसतंय की."

"बसतंय," तात्या म्हणाले.

मी जुडी ताटात ठेवली. खराडेकाका जे बघायला आले होते ते मी आदल्या दिवशीच बघितलं होतं. ते त्यांना दिसलं असतं, तर त्यांच्या लेकीला, तेजलला त्या दुपारीच मामाच्या गावाला नेलं असतं आणि गुरुवारी देवळात उरकायचं लग्न मंगळवारीच उरकलं असतं. तेजल सोळा वर्षांची होती.

"लाव कॉम्प्युटर," तात्या मला म्हणाले.

हे सगळं सुरू झालं ते अँटिव्हायरस घेण्यावरून. साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्या ओळीला दहा घरं. कर्मचारी सोसायटीच्या योजनेतून दहाही घरांत एकाच महिन्यात कॉम्प्युटर आले आणि पुढच्याच महिन्यात दहाही घरांत व्हायरस आला. गणपती मंडळाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह पहिल्या घरात लागला आणि प्रसादासारखा दहाव्या घरापर्यंत फिरला. सगळ्यांच्या फोल्डरचे शॉर्टकट झाले. कुणाचे लग्नाचे फोटो गेले, कुणाचा पोराचा प्रोजेक्ट गेला. आमच्या व्हरांड्यात बैठक बसली.

"आपण सहकारातली माणसं," खराडेकाकांनी तिथं मुद्दा मांडला. ते मिल हाऊसला फोरमन होते. मशिनच्या आवाजात बोलायची सवय असल्यानं घरातही ओरडूनच बोलत. "ऊस सगळ्यांचा एका गव्हाणीत पडतो. मग अँटिव्हायरस दहा कशाला? एकच घेऊ. दहा घरांचा."

सगळे हसले, पण कराडच्या बागवानांच्या दुकानात गेल्यावर कळलं, तसा खरंच मिळतो.

दुकानात तात्या, खराडेकाका आणि मी गेलो होतो. माझं एमएस-सीआयटी झालेलं, म्हणून मी. बागवानांनी काचेवर तीन खोकी मांडली. खराडेकाकांनी तिन्ही हातात घेऊन वजन बघितलं.

"हे फुकट पण मिळतं म्हणत्यात इंटरनेटवर."

"मिळतं की."

"मग असं करू. एक फुकटचं टाकू, एक विकतचं टाकू. दोन असलेली बरी. एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा."

"नको नको," बागवान म्हणाले. "काका, एका मशिनमध्ये दोन कधी घालायचे नाहीत. एका दारात दोन राखणदार बसवले, की ते चोराकडं बघत नाहीत. एकमेकांनाच चोर समजतात. हा त्याला धरतो, तो ह्याला धरतो आणि मशिन जाग्यावर बसतं."

"आमच्या संचालक मंडळासारखं," खराडेकाका म्हणाले. बागवानांनी हसण्यापुरतं हसून पहिलं खोकं पुढं सरकवलं. त्यातला अँटिव्हायरस हलका, मशिन अडखळत नसे, पण एका घरापुरताच. दुसरा तीन घरांचा. तिसरा दहा घरांचा.

"ह्याला इंटरनेटवर एक खातं असतं. त्यात दहाही कॉम्प्युटर दिसतात. कुणाचं अपडेट राहिलंय, कुणाला व्हायरस लागलाय, सगळं एका जागी. आणि मुलांवर लक्ष ठेवायची सोय आहे. कोण कुठल्या साइटवर गेलं, काय शोधलं, ते येतं."

"हाच," खराडेकाका म्हणाले. "पोरं बिघडायला वेळ लागत न्हाई. हाच बांधा."

"खातं कुणाच्या नावावर करायचं?" बागवानांनी विचारलं.

खराडेकाकांनी तात्यांकडं बोट केलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तात्या कारखान्याचे टाइमकीपर होते. निवृत्त होईपर्यंत सगळ्या कारखान्याची हजेरी त्यांच्या हाताखालून गेली. माझा नवरा अप्रेंटिस असताना एकदा दोघं बापलेक एकाच सायकलवरून उशिरा पोहोचले, तर तात्यांनी मुलाला लेटमार्क लावला आणि त्याच्याखाली स्वतःलाही लावला. ही गोष्ट कॉलनीत अजून सांगतात. सांगताना हसतात, पण हसून झाल्यावर आवाज थोडा खाली येतो.

तात्या खोक्यावरचं मागचं बारीक अक्षर वाचत होते. "लक्ष ठेवायची सोय आहे म्हणता. मग नियम लागतील," ते म्हणाले.

नियम त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले. खातं ते सांभाळतील आणि सोमवारी चहा झाल्यावर मी ते उघडून अपडेटचं बघेन. कुणी काय बघितलं, काय शोधलं, त्या पानावर कुणीही जायचं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. मात्र एखाद्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरचं बघायचं म्हटलं, तर त्याला ते दाखवायचं, तात्यांच्या समोर.

"म्हणजे बँकेच्या लॉकरसारखं," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

ते काही महिने ठीक चाललं. सोमवारी मी पान उघडायची आणि मोठ्यानं वाचायची. एक नंबर ठीक, दोन नंबर ठीक, तीन नंबरचं अपडेट राहिलंय. तात्या ऐकून घ्यायचे. तेजल त्या वेळी कधीकधी आमच्याकडं असायची. तिच्याकडं प्रिंटर नव्हता आणि मराठी टायपिंग मी तिला शिकवत होते. बोटं भराभर चालायची तिची. "वहिनी, तुम्हाला इथं बसून सगळं कळतं?" तिनं एकदा विचारलं होतं. "कळतं, पण बघायचं नसतं," मी म्हणाले होते. त्यावर ती खूप हसली होती.

त्या सोमवारी चार नंबरपुढं लाल खूण होती. चार नंबर म्हणजे खराडेकाकांचं घर. व्हायरस असेल म्हणून मी खुणेवर क्लिक केलं आणि जिथं जायचं नाही ते पान उघडलं. त्या कॉम्प्युटरवर शोधलेली वाक्यं एकाखाली एक होती.

मुलीच्या लग्नाचे वय कायदा. १०९८ ला फोन केल्यावर घरी कळते का. शाळेचा दाखला चालतो का जन्माचा दाखला लागतो. आणि शेवटची ओळ, तीच पुन्हा पुन्हा. गुरुवारी लग्न आहे मुलगी सोळा वर्षे कोणाला सांगावे. त्याच्यापुढं मामाच्या गावाचं नाव.

असं कुणी शोधत नाही. असं कुणीतरी सांगतं.

"चार नंबर?" मागून तात्यांनी विचारलं.

"ठीक," मी म्हणाले आणि पान बंद केलं. पुढची सहा घरं मी न अडखळता वाचली.

दुपारी विरजण मागायच्या निमित्तानं मी खराडेकाकांच्या घरी गेले. कॉटवर दुकानाच्या पिशवीतल्या दोन साड्या होत्या. जवळच तेजल उभी आणि तिची आई तिच्या खांद्यावरून दंडापर्यंत माप घेत होती.

"टायपिंगला आली नाहीस," मी म्हणाले.

"आता कशाला टायपिंग," आईच बोलली. "पाव्हणे यायचेत गुरुवारी. भावाकडं जायचंय आम्हाला." मग वाटी घेऊन ती आत गेली. माप घ्यायची टेप तेजलच्या गळ्यात तशीच लोंबत राहिली.

"वहिनी, आज सोमवार ना?" तेजल म्हणाली. "बघितलं?"

"बघितलं."

"नक्की?"

"नक्की."

आई विरजण घेऊन आली. तेजलनं हात पुन्हा आडवा धरला, माप घेण्यासाठी.

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो त्या हंगामात दुसऱ्या युनिटला होता, कर्नाटकच्या हद्दीवर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तू मधे पडू नकोस," तो म्हणाला. "खराडेकाकांच्या बरोबर मला जन्म काढायचाय. आणि तात्यांना सांगितलंस तर ते एकच विचारतील, तू ते पान उघडलंसच कसं. खराडेकाकांना बोलावून समोर दाखवतील. नियम म्हणजे नियम. तुला माहीत नाही का ते."

माहीत होतं. ज्यानं स्वतःला लेटमार्क लावला तो माणूस सुनेला सोडणार नव्हता. मी १०९८ लावला, मुलांच्या मदतीचा नंबर. पलीकडच्या बाईनं "आपलं नाव?" म्हटल्यावर माझ्या तोंडून नाव निघेना. मी फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरवरचं कापड झटकताना माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला दिसला. तात्या डावरे. पण ते कॉम्प्युटरला हात लावत नसत. आदल्या दिवशी माझ्या आवाजात त्यांना काहीतरी लागलं असणार. ते उठून बघून आले असणार की सुनेनं काय लपवलं. मी माऊस उजवीकडं ठेवला. तात्या सकाळीच फिरून आले, आंघोळ केली, नाष्टा केला आणि पेपर घेऊन बसले.

आणि मग खराडेकाका आले.

कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीसारखा वेळ घेत होता. खराडेकाका कॉटवरून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या शर्टाला मळीचा वास होता.

"पोरगी सारखी कायतरी टायपत बसते," ते म्हणाले. "मी आत आलो की बंद करते. एखादं पोरगं असंल मागं, तर आत्ताच कळू दे. लोकांच्या घरात जायची हाय उद्या."

"कळलं तर काय करणार?" तात्यांनी पेपरामागून विचारलं.

"करायचं काय त्यात. आज दुपारीच गाडी काढतो. मेव्हण्याच्या घरात कॉम्प्युटर न्हाई, फोनला रेंज न्हाई."

स्क्रीन आली. कोपऱ्यात अँटिव्हायरसची हिरवी ढाल आली. मी त्या ढालीवर क्लिक केलं आणि 'संपूर्ण तपासणी' दाबलं.

त्या कॉम्प्युटरवर संपूर्ण तपासणी लावली, की दुसरं काहीही उघडत नसे. खिडकी उघडायला सांगितली तर नुसतं घड्याळ फिरत राही. तात्यांनीच मला ती दिवसा लावायला बंदी केली होती.

"हे काय लागलं?" खराडेकाकांनी विचारलं.

"तपासणी. आपोआप लागते कधीकधी."

"बंद कर की."

"मधेच बंद केली तर विंडोज उडतं, काका. मग कुणाचंच काही दिसणार नाही."

हे खोटं होतं. खराडेकाकांना ते कळणार नव्हतं. पण तात्यांनी आता पेपर खाली घेतला होता आणि ते स्क्रीनकडं नाही, माझ्याकडं बघत होते. मी मान वर केली नाही. स्क्रीनवर फायलींची नावं धावत होती. खालची पट्टी सुरुवातीलाच अडकून बसली होती.

"लागली ती लागली," तात्या म्हणाले. "बसा, खराडे. संपल्यावर दाखवायचं म्हणजे दाखवायचं, नियमच आहे. वृषाली, चहा टाक."

मी उठले. दाखवायचं म्हणजे दाखवायचं. मला मिळाला होता तो फक्त एका चहाचा वेळ.

गॅसवर आधण ठेवलं, ओट्यावरचा मोबाइल घेतला आणि मागच्या दारानं धुण्याच्या दगडापाशी गेले. मधलं दार उघडंच ठेवलं, म्हणजे बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईल. बोटं ओली होती. नंबर दोनदा चुकला.

"आपलं नाव?" तीच बाई की दुसरी, कळलं नाही.

"वृषाली. वृषाली जगदाळे." मग मी गावाचं नाव सांगितलं, कॉलनी सांगितली, तेजलचं नाव सांगितलं, गुरुवार सांगितला, मामाचं गाव सांगितलं. "पण आज दुपारीच नेतील तिला. तुम्हाला आजच यायला पाहिजे."

पलीकडं कागद चाळल्यासारखा आवाज आला. आत खराडेकाका मोठ्यानं बोलत होते. "किती झालं? अजून तिथंच? तात्या, ही मशीन मिल हाऊसला असती तर गाळप बोंबललं असतं."

"मॅडम," बाई म्हणाली, "या मुलीची तक्रार आज सकाळीच नोंदवलेली आहे. लोक निघालेत तालुक्यावरून. ग्रामसेवकांनाही कळवलंय."

"सकाळी? कुणी केली?"

"ते सांगता येत नाही."

तेजलनं. तिला कुठूनतरी फोन मिळाला असणार. पण लोक निघाले होते, पोहोचले नव्हते. तालुका लांब होता, खराडेकाकांची गाडी दारात होती आणि पट्टी कधीतरी संपणारच होती.

"कधी पोहोचतील?"

"रस्त्यात आहेत. मुलीला घरातून हलवू देऊ नका, जमलं तर."

चहा उतू गेला होता. मी गॅस पुसत होते तेव्हा बाहेर तात्यांचा आवाज आला.

"तेजलचं वय काय हो, खराडे?"

हे आता कशाला विचारायचं?

"वयात आलीय."

"वय विचारलं मी."

"दहावी झाली की." खराडेकाकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "का वो?"

"सहज. शाळेत घालताना तुमच्याबरोबर मीच आलो होतो. आठवलं."

कप घेऊन मी बाहेर आले. खराडेकाका कॉटच्या कडेला पुढं सरकून बसले होते. त्यांनी कप घेतला, पण प्याले नाहीत.

"तात्या, पोरीचा बाप हाय मी. स्थळ चांगलंय. बागायत हाय, पोरगा एकुलता हाय. असं स्थळ दोन वर्षं दारात थांबत न्हाई. आणि ह्या कॉलनीत पोरगी कॉम्प्युटरवर बसून काय शिकंल आणि कुणाबरोबर जाईल, ह्याचा भरवसा तुम्ही देणार का?"

"मी कशाचा भरवसा देणार," तात्या म्हणाले. "मी टाइमकीपर."

पट्टी पुढं सरकत होती. मला ती कारखान्याच्या वजनकाट्यावर चढणाऱ्या ट्रॉलीसारखी वाटत होती. जरा पुढं येऊन थांबायची, वाटायचं अडकली, आणि पुन्हा ढकलल्यासारखी पुढं जायची. मधेच स्क्रीनवर एक चौकट उघडली, "एक धोका सापडला." खराडेकाका एकदम उभे राहिले.

"कुठला? आमचा?"

"नाही," मी म्हणाले. "तात्यांच्या भजनांच्या फोल्डरमध्ये आहे."

एरवी खराडेकाका ह्यावर महिनाभर हसले असते. आता ते परत बसले. दारातून रस्ता दिसत होता. एक सायकल गेली. पाण्याचा टँकर गेला. तालुक्याची गाडी कशी असते, पांढरी असते का, मला माहीत नव्हतं. मी प्रत्येक आवाज ऐकत होते.

पट्टी भरली. हिरवी झाली. "तपासणी पूर्ण."

"झालं," खराडेकाका म्हणाले. "उघड."

मी खातं उघडलं. पासवर्ड मुद्दाम चुकवला.

"परत," तात्या म्हणाले. "नीट."

मी नीट टाकला. पान वरून खाली हळूहळू भरत आलं. एक नंबर ठीक. दोन नंबर ठीक. तीन नंबर ठीक. पाच नंबर.

मी पुन्हा वर गेले. एक, दोन, तीन, पाच.

"आमचं कुठाय?" खराडेकाकांनी माझ्या खांद्यावरून बोट स्क्रीनला टेकवलं. "चार कुठाय?"

मला खरंच माहीत नव्हतं. खोटं बोलायची तयारी करून बसलेल्या माणसाला खरं बोलायचीच वेळ आली की शब्द सापडत नाहीत. "काल होतं," एवढंच माझ्या तोंडून आलं.

"गेलंय ते," मागून तात्या म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर आपल्या खात्यातून गेलाय. त्याचं काही दिसायचं नाही आता. जुनंही नाही."

"गेलाय म्हणजे? असा कसा जाईल आपोआप?"

"मशीनचं काय सांगावं. बागवानाला विचारतो."

खराडेकाका वळले. आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कपबशा गोळा करू लागले. मग ते तात्यांच्या खुर्चीपुढं जाऊन उभे राहिले.

"तात्या. तुम्ही खरं बोलताय न्हवं?"

तात्यांनी पेपराची घडी घातली. आधी उभी, मग आडवी.

"खराडे, तुमची हजेरी इतकी वर्षं मी लिहिली. एकदा तरी खोटी लिहिली?"

खराडेकाकांनी मान हलवली. "न्हाई," ते म्हणाले. "तुमच्यावर शंका घेऊन कुठं जाणार." ते चपला घालून बाहेर पडले, फाटकापाशी थांबले, आणि तेवढ्यात वळणावरून एक जीप आमच्या ओळीत आली. पांढरी नव्हती. तिच्यात मागं दोन बायका आणि एक हवालदार होता. जीप आमच्या दारावरून पुढं गेली आणि चार नंबरला थांबली.

पुढचं कॉलनीनं आपापल्या खिडकीतून बघितलं. ओरडणं झालं, खराडेकाकूंचं रडणं झालं, शाळेचा दाखला निघाला. खराडेकाकांनी लिहून दिलं, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. त्यांच्या कॉम्प्युटरकडं तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही. पुढं कितीतरी दिवस ते शाळेतल्या एका बाईंना दोष देत राहिले. तेजल अकरावीला गेली, मग नर्सिंगला. आता ती सोलापूरला एका दवाखान्यात आहे. खराडेकाका तिथं महिनामहिना राहायला जातात आणि नातवाचे फोटो कॉलनीभर पाठवतात.

पण त्या दुपारी. जीप अजून चार नंबरच्या दारातच होती आणि आमच्या घरातला लँडलाइन वाजला. त्यावर हल्ली कुणाचा फोन येत नसे. मी उचलला.

"तालुक्यावरून बोलतेय," एक बाई म्हणाली. "सकाळी ह्या नंबरवरून एका आजोबांचा फोन आला होता. आहेत का ते?"

मी रिसीव्हर तसाच हातात धरून उभी राहिले. तात्या खुर्चीतून उठले, आले आणि माझ्या हातातून तो घेतला.

"हां," ते म्हणाले. "हो, आली गाडी. बघतोय इथून. ... नाही, माझं नाव नको. ... बरं. बरं झालं."

फोन ठेवून ते परत खुर्चीत जाऊन बसले. पेपर उघडला.

"राँग नंबर," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

कॉम्प्युटर बंद करायला गेले. बंद केला, कापड घातलं आणि माऊस उचलून कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला. तात्यांनी बघितलं. पुढं त्या घरात ते होते तोवर तो तिथंच राहिला. मी डाव्या हातानं चालवायला शिकले.

वर्षाअखेर पॅकची मुदत संपली. बैठक बसली तेव्हा खराडेकाका आले नव्हते. तात्यांनी सांगितलं, ह्या वेळी प्रत्येकानं आपापला घ्यायचा. स्वस्त पडत नाही, कुणीतरी म्हणालं. "नाही पडत," तात्या म्हणाले, आणि बैठक संपली.

आम्ही दोघं कराडला गेलो. बागवानांनी पुन्हा दहा घरांचंच खोकं काढलं.

"हा नको," तात्या म्हणाले. "एका घराचा द्या. आणि त्यात कुणाच्या घरातलं काही दिसायला नको."

"म्हणजे साधा. मग हा घ्या. आधीचा काढून टाका आधी, मगच हा घाला, तात्या. दोन एकत्र ठेवू नका. मागं सांगितलं होतं ना, एका दारात दोन राखणदार बसले की..."

"एकमेकांनाच चोर समजतात," तात्या म्हणाले. त्यांनी खोकं डाव्या हातानं उचललं आणि माझ्याकडं दिलं. "माहीत आहे आम्हाला."